दीड तासावर

मृत्यूपुढे सगळी अंतरं शून्य होतात.

हे वाक्य माझं नाही, शिरीष. परवा तुझ्या शोकसभेत तुझ्या शाळेतला एक मित्र डोळे मिटून हे म्हणाला. तो नाशिक रोडहून इंदिरानगरला येताना द्वारकेच्या चौकात अडकला होता, त्यामुळे सभा त्याच्यासाठी खोळंबली होती. आल्या आल्या त्याने ट्रॅफिकला, पोलिसांना आणि रस्ता खोदणाऱ्यांना शिव्या दिल्या, पाणी प्यायला, रुमालाने मान पुसली, आणि मग माइक हातात घेऊन जगातली सगळी अंतरं शून्य करून टाकली. लोकांनी माना डोलावल्या.

मला आधी हसू आलं. मग राग आला, आणि तो काही जायला तयार नाही. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. पण जिवंत होतास तेव्हा मी रागावायला लागले की तू म्हणायचास, "ताई, मीटिंगमध्ये आहे, रात्री बोलू." आता निदान मध्येच फोन ठेवणार नाहीस.

तर, दीड तास.

ओझरहून हैदराबादचं विमान सुरू झालं तेव्हा पहिल्याच दिवशी तू त्यात बसून आलास. धावपट्टीवर दोन बाजूंनी पाण्याचे फवारे उडवून विमानाचं स्वागत झालं. कोणीतरी फीत कापली, कोणीतरी पायलटला शाल पांघरली, आणि जिचा विमानाशी काही संबंध नव्हता अशी एक ढोलपार्टीही होती. तुझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला होता. तो हार तू घरी आणून आईच्या हातात दिलास आणि टेबलावरच्या प्लास्टिकच्या कापडावर बोटाने सरळ रेघ ओढलीस. "हे हैदराबाद. हे आपलं इंदिरानगर. मध्ये काही नाही, आई. दीड तास!"

आई म्हणाली, "मग रविवारी येत जा."

तू हसलास. आम्हीही हसलो. आई हसली नव्हती, हे मला फार नंतर आठवलं.

त्याआधी तू रेल्वेने यायचास. रात्रभराची गाडी, सकाळी नाशिक रोडच्या फलाटावर चुरगळलेला शर्ट, गालावर उशीच्या वळाची खूण, हातात आईसाठी उस्मानिया बिस्किटांचा डबा. इतक्या लांबून आलोय तर चार-पाच दिवस तरी राहायलाच हवं, असं तुझं तुलाच वाटायचं. त्या चार-पाच दिवसांत घरातले सगळे नळ गळायचे थांबायचे. तू माळ्यावर चढायचास, पंख्याची पाती पुसायचास, आईच्या कपाटाचं बिजागर बसवायचास आणि प्रत्येक कामानंतर तिला हाक मारून दाखवायचास. "आई, बघ. आता कुरकुरतंय का?" आई मुद्दाम दार तीनदा उघडून बंद करायची. "जरा कुरकुरतंय," म्हणायची. मग तू पुन्हा तेल घालायचास. कुरकुर केव्हाच थांबलेली असायची. तेही तुला ठाऊक असायचं.

दिवाळीला यायचास, आंब्यांच्या दिवसांत यायचास, बाबांच्या वर्षश्राद्धाला यायचास. कधी कधी उगाचच यायचास.

विमान सुरू झालं आणि तुझं येणं संपलं. हे वाक्य तुला अन्यायाचं वाटेल. वाटू दे. मला माहीत आहे, तू पूर्ण थांबला नव्हतास. हातात एक छोटी बॅग घेऊन संध्याकाळी यायचास, रात्री जेवायचास, दुसऱ्या दिवशी दुपारपासून घड्याळ बघायला लागायचास. चेक-इन, सिक्युरिटी, ओझरला पोचायचा वेळ. स्वयंपाकघरातला नळ गळतोय, असं आईने तुला दोनदा सांगितलं. तू म्हणालास, "प्लंबरला बोलव ना, ताई. तासाभराचं काम आहे." तासांत सगळं मोजायची सवय तुला तेव्हाच लागली. आणि दर वेळी निघताना तेच वाक्य: "पुढच्या महिन्यात येतोच. आहेच किती? दीड तास."

लांबच्या माणसाला यायची तारीख ठरवावी लागते. जवळच्याला कधीही येता येतं, म्हणून तो येत नाही. एवढी साधी गोष्ट मी तुला किती वेळा सांगितली! तू म्हणायचास, "तुला विमानाचा इतका राग का?"

"विमानाचा नाही, दीड तासाचा. तो दीड तास तुझ्या बुडाखाली सीट असते तेव्हा सुरू होतो आणि तू उठायच्या आत संपतो. तुझ्या घरापासून शमशाबादचा विमानतळ म्हणजे इथून सिन्नरच्याही पुढे. तो रस्ता कोण मोजणार? तिथे दोन तास आधी जाऊन बसतोस, ते कोण मोजणार? ओझरहून घरी येतोस, ते?"

"ताई, तू लायब्ररीत नको होतीस, ऑडिटला हवी होतीस."

"आणि विमान रोज असतं का?"

"जवळजवळ रोज."

"जवळजवळ रोज म्हणजे ज्या दिवशी हवं त्या दिवशी नाही."

मग तू मंजिरीला हाक मारायचास. "अगं, ताईला समजाव." तुझी बायको शहाणी. ती फोन घेऊन मला भाजीचं विचारायची.

आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हाही हाच वाद झाला होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू डॉक्टरांशी फोनवर बोललास. फार चांगले प्रश्न विचारलेस. डॉक्टर मला नंतर म्हणाले, तुमचे बंधू खूप काळजी घेतात. मला म्हणालास, "मी स्टँडबाय आहे, ताई. लागलं तर दीड तासात पोचतो." मी विचारलं, "लागलं तर म्हणजे किती लागलं तर?" तू चिडलास. "असं काय बोलतेस?" म्हणालास. ऑपरेशन नीट झालं, म्हणजे लागलं नाही, म्हणजे तू आला नाहीस. तुझ्या हिशेबात चूक नव्हती. चिडायला माझ्याकडे काही पुरावाही नव्हता. आई शुद्धीवर आल्यावर दाराकडे बघत होती, हा काही पुरावा नव्हे. भूल उतरताना माणसं कुठेही बघतात.

आता एक गोष्ट सांगते, जी तुला कधी सांगितली नाही. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितली नव्हती. आता सांगते, आणि वाईट वाटावं म्हणूनच सांगते.

आपल्या गॅलरीतून संध्याकाळी ओझरकडे उतरणाऱ्या विमानाचे दिवे दिसतात. आई तिथे खुर्ची टाकून बसायची. दिवे दिसले की म्हणायची, "हैदराबादचं आलं." ते हैदराबादचं होतं, दिल्लीचं होतं की लष्कराचं, हे तिला कसं कळायचं, मला माहीत नाही. मला वाटतं, आभाळात जे उडेल ते हैदराबादचं, असा तिचा नियम होता. त्यानंतर ती तासभर जेवायला बसायची नाही. "भूक नाही गं अजून," म्हणायची. खाली रिक्षा थांबली की मान वळवायची. तासाभराने म्हणायची, "वाढ आता." कोणाची वाट बघतेस, असं मी कधी विचारलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही. रोज आमची आमटी दोनदा गरम व्हायची.

आणि मग तो मंगळवार.

सकाळी आठच्या सुमारास मंजिरीच्या भावाचा फोन आला. सुधाकर. माणूस वाईट नाही, हे मी स्वतःला रोज समजावते. म्हणाला, "ताई, शिरीषराव जरा सिरियस आहेत. तुम्ही आणि आई निघून या."

मी विचारलं, कोणतं हॉस्पिटल? तो म्हणाला, "तुम्ही या तर खरं." मी आईला म्हटलं, "शिरीषची तब्येत बिघडलीय, सिरियस आहे, आपण जायचंय." आई ताटात मटार सोलत होती. तिने हातातली शेंग पुरी केली. मग म्हणाली, "किती वाजता नेणार आहेत?"

"अगं, काहीतरी काय बोलतेस? सिरियस म्हणालाय तो."

"शोभा, माणूस सिरियस असला की घरचे 'कळवतो' म्हणतात. गेला की 'निघून या' म्हणतात." आणि शांतपणे म्हणाली, "विचार त्याला. किती वाजता?"

आपल्याकडे मरणाची बातमी कधी एकदम सांगत नाहीत. आधी माणूस सिरियस करायचा, मग ऐकणारा जरा पाणीबिणी प्यायला की त्याला मारायचा. सगळ्यांना हे माहीत असतं, तरी सगळे ते करतात. त्या भल्या रीतीपायी आपले दीड तास गेले. हो, दीडच. मी हॉस्पिटलचं नाव शोधत होते, मंजिरीला फोन लावत होते, आईची औषधं पिशवीत भरत होते. साडेनऊला सुधाकरचा दुसरा फोन आला. आता तू अधिकृतपणे गेला होतास, पहाटेच.

"ताई, एक वाजताची वेळ ठरवलीय. तुम्ही तोवर पोचालच."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "एक? आज?"

"हो ना. आम्ही खरं तर अकराच म्हणत होतो. पण म्हटलं, आई यायच्यात. शिरीषराव नेहमी म्हणायचे, आई दीड तासावर आहे. म्हणून मी दुप्पट वेळ ठेवला."

दुप्पट वेळ. तो हे कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला, शिरीष. त्याला खरंच वाटत होतं की त्याने आमचा विचार केलाय.

बातमी बिल्डिंगमध्ये पसरली होती आणि बैठकीच्या खोलीत माणसं जमली होती. प्रत्येक जण विमानखात्यात नोकरीला असल्यासारखा बोलत होता. कोणी म्हणे शिर्डीहून बघा, कोणी म्हणे मुंबईला जा, तिथून तासातासाला आहे. खालच्या मजल्यावरचे बोरस्ते गाडीची किल्ली हातात घेऊनच आले होते. म्हणाले, "मुंबईला मी आत्ता काढतो गाडी. पण काकूंना घेऊन कसारा घाट, मग ठाण्याची गर्दी, मग विमान. संध्याकाळच होते, ताई. खोटं कशाला बोलू?" आपलं थेट विमान संध्याकाळचं होतं. ते धरलं तर रात्री पोचणार. शिर्डीचं सकाळचं केव्हाच गेलं होतं.

मी सुधाकरला पुन्हा फोन लावला. "आम्ही रात्री पोचतो. उद्या सकाळपर्यंत थांबा."

"रात्री? पण दीड तासाचं तर..."

"दीड तासाचं विमान संध्याकाळी सुटतं, सुधाकर."

तो म्हणाला, "ताई, ठेवता येणार नाही असं नाही. बर्फाची पेटी मिळते. पण आता सगळ्या ग्रुपवर मेसेज गेलाय. त्यांच्या ऑफिसची माणसं निघालीत, मोठे साहेब येतायत."

"दुसरा मेसेज टाका."

"ते बरं दिसत नाही ताई."

तो मेसेज मी नंतर पाहिला. वर समई, खाली गुलाब, मध्ये तुझा ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो, आणि वेळ ठळक अक्षरांत. त्या समईपुढे आणि गुलाबापुढे आई कमी पडली, कारण तिच्यासाठी वेळ बदलणं बरं दिसत नव्हतं. मंजिरीशी बोलायला मागितलं तर म्हणाले, तिला गोळी देऊन झोपवलंय.

सगळ्यात जास्त कशाचा संताप येतो, सांगू? तुम्हाला मूल असतं आणि ते अमेरिकेत असतं, तर तुला दोन दिवस बर्फात ठेवलं असतं. कोणी चकार शब्द काढला नसता. उलट सगळ्यांनी म्हटलं असतं, बिचारा तिकडून येतोय. अमेरिका लांब ना! आई जवळ होती. तिला कशाला थांबायचं? जवळ असण्याची शिक्षा तिला झाली, आणि ती जवळ आहे हे साऱ्या हैदराबादला तूच सांगून ठेवलं होतंस. ऑफिसात, सासरी, सोसायटीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला. तुझ्या घरच्यांनी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढंच त्यांचं चुकलं. तुझ्या शब्दावर पहिल्या दिवशी आईनेही ठेवला होता.

साडेबाराला सुधाकरने व्हिडिओ कॉल केला. आईला दर्शन घेऊ द्या म्हणाला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग पंखा, मग कोणाचा तरी अंगठा. मागून आवाज आले, "इकडे धर, इकडे, चेहरा येऊ दे." मी फोन आईपुढे धरला. तिने हाताने तो बाजूला सारला.

"मोबाइलमधला नको," म्हणाली. "मोबाइलमध्ये तर तो होताच."

मग ती उठली, वॉकर धरून आत गेली आणि राहिलेले मटार सोलत बसली. एक वाजला. स्वयंपाकघरातला नळ तेवढा ऐकू येत होता.

मी तुला शिव्या देतेय आणि मला मधूनच तू आठवतोस. बाबा गेले त्या वर्षी तू गाडीने दर पंधरवड्याला आलास, दोन रात्री प्रवास करून एक दिवस राहायला. मी म्हटलं, कशाला एवढी दगदग करतोस? तू म्हणालास, "गाडीत झोप छान लागते." खोटं होतं. तुला गाडीत झोप लागायची नाही, लहानपणापासून नाही. आईला एकटं जेवायला आवडत नाही हे तुझ्या लक्षात आलं होतं, माझ्या आलं नव्हतं. मी तिच्यासोबत एका घरात राहत होते आणि पुस्तक धरून जेवत होते. तू हैदराबादहून येऊन ते पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलंस. तेव्हापासून आम्ही दोघी एकत्र जेवतो. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. घे, मानले. राग मात्र अजून तेवढाच आहे.

कारण तो माणूस तूच होतास ना? मग तो गेला कुठे? रात्रभर जागून येणाऱ्या माणसाला दीड तास का जमेना? हे मला तुला समोर बसवून विचारायचं होतं. दर वेळी वाटायचं, या खेपेला नको, उद्या निघायचंय त्याला.

मंजिरी तुझ्या अस्थी घेऊन आली. रामकुंडावर सोडाव्यात अशी आईची इच्छा होती. बोरस्त्यांनी गाडी काढली. आई म्हणाली, "मीही येते." ओझरला गाडी उभी करायला लांब जावं लागतं, वॉकर आहे, गर्दी असते, असं मी सगळं सांगून पाहिलं. ती म्हणाली, "इतकी वर्षं गॅलरीतून बघितलं. एकदा तिथून बघू दे."

ती गाडीतच बसली, काच खाली करून. विमान उतरायला आलं. आमच्या डोक्यावरून गेलं तेव्हा आवाजाने बोरस्त्यांनी कानांवर हात ठेवले. आईने नाही. मंजिरी लवकर बाहेर आली. हातात एवढीशी बॅग होती, तुझीच, तीच. ती आईशेजारी बसली आणि बॅग तिने मांडीवर घेतली. दोघींनी एकमेकींचा हात धरला. बराच वेळ कोणी रडलं नाही. मग मंजिरी रडायला लागली. "आई, मला झोपवून ठेवलं हो. मी असते तर थांबवलं असतं." आई म्हणाली, "मला माहितेय." थोड्या वेळाने तिने विचारलं, "विमानाला किती वेळ लागला गं?"

मंजिरीने डोळे पुसले. "दीड तास, आई. जरा कमीच."

आईने मान हलवली. बॅग तिने मंजिरीच्या मांडीवरून आपल्या मांडीवर घेतली.

मंजिरी घरातून दुपारी बाराला निघाली होती, आणि आम्ही इंदिरानगरला पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. म्हणजे आपल्या वादात मी बरोबर होते. तुला सांगावंसं वाटलं, आणि कोणाला सांगायचं ते कळेना. आईने घरी आल्या आल्या हातपाय धुतले आणि म्हणाली, "वाढ." तिला तासभर थांबायचं नव्हतं. आम्ही तिघी जेवलो. आमटी एकदाच गरम केली.

काल जिन्यात बोरस्ते भेटले. हैदराबादचं विमान पुढच्या महिन्यापासून बंद होणार आहे. पुरेसे प्रवासी मिळत नाहीत म्हणे.